खंडेनवमीचा फोटो

सुरतेला प्लेग आला त्या वर्षी आमच्या ओळखीतलं कुणीही प्लेगने मेलं नाही. घाबरून अर्धमेले झालेले मात्र डोंबिवलीत गल्लोगल्ली दिसत होते. एरवी उघड्या गटाराच्या काठावर उभं राहून वडापाव खाणारी माणसं नाकावर रुमाल बांधून हिंडायला लागली. रुमाल तोच, घाम पुसायचा. केमिस्टकडच्या कॅप्सूल संपल्या तेव्हा आमच्या चाळीतल्या एका शहाण्याने कुठल्याशा गुरांच्या डॉक्टरकडून गोळ्या आणून खाल्ल्या आणि सगळ्या चाळीची संडासची रांग अडवून ठेवली. उंदीर दिसला की बायका किंचाळायच्या आणि पुरुष काठी शोधायला म्हणून लांब निघून जायचे.

मला हे बघून हसू यायचं. पण माझं स्वतःचं काम थांबलं आणि हसू बंद झालं. मी घरी साड्यांना फॉल-पिको करत असे. मानपाडा रोडवरच्या दोन दुकानांचं काम माझ्याकडे यायचं, आणि नवरात्राच्या आधीचे दिवस म्हणजे माझी खरी सुगी. साड्या बहुतेक सुरतेच्या. कुणीतरी उठवलं की प्लेग कापडाच्या घड्यांतून येतो. झालं. दुकानदाराने दारात पाटी लावली, ‘आमच्याकडे सुरतचा माल नाही’, आणि पाटीच्या मागे तोच सुरतचा माल घेऊन माश्या मारत बसला. गिऱ्हाईक पाटी वाचून घाबरायचं, कारण पाटी वाचेपर्यंत साडी सुरतेहून येते हे त्याच्या लक्षातही नसायचं. एवढी अक्कल वापरून धंदा बुडवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. आई बाजारात मासे विकायची. मासळीचा आणि उंदराचा काय संबंध हे देवाला ठाऊक, पण लोक मासेही घेईनासे झाले. “जल्ला मेला तो पलेग आन जल्ली ती मानसा,” आई म्हणायची. “उंदीर काय माजे पाटीन ऱ्हातंय?” उरलेली मासळी ती संध्याकाळी शेजारी वाटून टाकायची. आमच्या लोकांना मासळीची भीती घालणारा अजून जन्माला यायचा आहे.

तर माहेरचं गेलं, माझंही गेलं. घरात उरली एकच मिळकत, ह्यांची नोकरी. दोन मुली शाळेत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि छप्पर भाड्याचं. ती नोकरी गेली तर आम्ही कुठे जाणार याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ह्यांच्याकडे तर प्रश्नही नव्हता.

हे मानपाड्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होते. कंपनी पंख्याची पाती आणि जाळ्या बनवायची. एका लांब शेडमध्ये पॉवर प्रेस ओळीने उभे, पत्रा आत सरकवायचा, दणका बसला की पातं बाहेर. हे त्यातला एक प्रेस चालवायचे आणि बिघडला तर फिटरचं कामही करायचे. ऐंशीच्या सुरुवातीला लागले तेव्हा पोरगे होते. त्या प्रेसला ते ‘माझा’ म्हणायचे. मालकाचं नाव प्रेसवर पितळी पट्टीवर कोरलेलं होतं तरी माझा.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मला त्यांनी कंपनीत नेलं. त्या दिवशी यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांनी बायकापोरांना घेऊन यायचं असा रिवाज होता. नव्या नवरीला गावच्या मोठ्या आत्याच्या पाया पडायला न्यावं तसं मला प्रेससमोर उभं केलं. शेडच्या दारात चपला काढायला लावल्या. एरवी त्याच फरशीवर तेल सांडायचं, पत्र्याच्या कापांनी पाय चिरायचे, एका माणसाची दोन बोटं तिथेच पडली होती. पण वर्षातून एक दिवस तिथे अनवाणी जायचं. प्रेसला हार, हळदकुंकू, समोर रांगोळी, पेढे, मग सगळ्यांचा एकत्र फोटो. आणि एकदा पूजा झाली की दसरा उलटून काम सुरू होईपर्यंत कुणी मशीनला हात लावायचा नाही, पाना उचलायचा नाही. मालक स्वतः यायचा, नारळ फोडायचा, बायकांना ‘ताई’ म्हणायचा.

त्या वर्षांत आजूबाजूच्या कितीतरी कंपन्यांना कुलपं लागली. ठाण्यापासून कल्याणपर्यंत तीच गत. गेटबाहेर मांडव, मांडवात सतरंजी, सतरंजीवर घसा बसलेली माणसं. मग एक दिवस मांडवही जायचा आणि त्यातलाच एखादा स्टेशनजवळ हातगाडीवर केळी विकताना दिसायचा. तो ओळख दाखवायचा नाही, आम्हीही नाही. मी काळजीने बोलले की ह्यांचं ठरलेलं.

“अगं, आपल्याकडे तसं नाही होणार. आपला मालक पूजेला स्वतः नारळ फोडतो.”

असा पुरावा! कोर्टात नेला असता तर न्यायाधीश हसून खुर्चीवरून पडला असता. पण मी तेव्हा कोर्ट पाहिलं नव्हतं.

प्लेगच्या त्या दिवसांत, नवरात्र बसायच्या सुमाराला, शेडमध्ये एक मेलेला उंदीर सापडला. कुणाला सापडला? मॅनेजरला. हा मॅनेजर एरवी शेडमध्ये पाऊल टाकायचा नाही, कपड्यांना तेल लागतं म्हणून. त्या दिवशी बरोबर त्याला प्रेसच्या मागे वाकून बघावंसं वाटलं. गलका झाला. रोज दणक्याखाली हात घालणारे पुरुष उंदीर पाहून गेटपर्यंत पळाले. हे घरी येऊन अंगणातच कपडे काढायला लागले आणि मला म्हणाले, “पाणी गरम कर, डेटॉल टाक. आज वाचलो.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांना एकत्र केलं. नाकावर रुमाल धरून तो बोलला. प्रेसच्या पायाखालच्या खड्ड्यांत उंदरांची बिळं आहेत, सगळ्या शेडला विषारी धुरी द्यावी लागेल, धूर पार खालपर्यंत जायला हवा. म्हणून पायाचे नट काढा, चेन-पुलीने प्रेस थोडे उचला, खाली लाकडी ओंडके सरकवा. औषधाने लोखंड गंजतं म्हणून सगळीकडे ग्रीस लावा आणि ताडपत्री बांधा. मग खंडेनवमीची पूजा होईल, आणि दसऱ्यानंतर चार-पाच दिवस शेड बंद राहील. धूर विषारी आहे, कुणी फिरकू नका. पगार चालू.

पगार चालू म्हटल्यावर टाळ्या पडल्या म्हणे.

आणि मग ह्या लोकांनी काय मन लावून काम केलं! ह्यांना मी आठवडाभर एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं न हललेले ते नट, गंजून एकजीव झालेले. दुसऱ्या कुणी छिन्नी-हातोडा घेतला असता. ह्यांनी रॉकेल सोडून सोडून, वाट बघून, हळूहळू फिरवून काढले. प्रत्येक प्रेसचे नट वेगळे धुतले, तारेत ओवले, ज्याचे त्याला बांधले. उद्या बसवताना घोळ नको म्हणून. शेजारच्या प्रेसवर ह्यांचा जिवलग मित्र होता, तो जोडीला होता. दोघं रोज घरी येऊन चहा घेताना त्याच गप्पा, कुठला नट कसा हट्टाला पेटला आणि कसा शरण आला. मी चहा ओतत ऐकायचे. माझ्या घरात सामान बांधून तयार करून ठेवण्याचं एवढं कौतुक चाललंय हे मला तरी कुठे कळलं? मला वाटलं, बरं झालं, उंदीर जातील.

खंडेनवमीला आम्ही सगळे गेलो. दारात चपला काढल्या. आत प्रेस ओळीने उभे, ओंडक्यांवर, ताडपत्रीत गुंडाळलेले, दोऱ्यांनी आवळलेले. लग्नघरातली सासरी जायची सामानसुमानाची बोचकी असावीत तसे. प्रत्येकाच्या ताडपत्रीवर झेंडूचा हार. ह्यांनी ताम्हनात चकचकीत नटांची माळ ठेवली आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. मी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मालक आला नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच. मॅनेजर म्हणाला, सेठ साथीमुळे घराबाहेर पडत नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. युनियनचा सेक्रेटरी तर म्हणाला, “सेठनी तब्येत जपायला पाहिजे, त्यांच्यावर आपली पोटं आहेत.” हा मनुष्य आमच्या हक्कांसाठी लढायला निवडून दिलेला होता.

मग फोटो. सेक्रेटरी पुढे, मधोमध, नवा पांढरा शर्ट घालून. मागे सगळे कामगार, बाजूला आम्ही बायका, मी ताम्हन धरून. फोटोग्राफर म्हणाला, “रुमाल काढा, हसा जरा.” सगळे हसलो. ह्यांचा मित्र तेवढा फोटोत नव्हता. तो बौद्ध. दर वर्षी यायचा, पूजेच्या वेळी बाजूला उभा राहायचा, फोटोत यायचा नाही, पेढे मात्र हक्काने दोन घ्यायचा. ह्यांनी कधी आग्रह केला नाही आणि त्याने कधी टोमणा मारला नाही.

दसऱ्याच्या दिवशी आमची ही सगळी फौज आपट्याची पानं घेऊन डोंबिवली पश्चिमेला मॅनेजरच्या घरी सोनं द्यायला गेली. तोही दर वर्षीचा रिवाज. मॅनेजरने सगळ्यांना बर्फी दिली. ह्यांनी त्याच्या पायाला हात लावला. “सोन्यासारखे राहा,” तो म्हणाला. त्याच वेळी कंपनीच्या मागच्या गेटपाशी ट्रक भरत होते. हे आम्हाला नंतर वसाहतीतल्या चहावाल्याने सांगितलं. त्याला वाटलं, कामगारांना माहीत असणार. एवढं व्यवस्थित बांधलेलं सामान चोरीचं कसं असेल?

शेड उघडायच्या दिवशी हे डबा घेऊन नेहमीसारखे गेले आणि लवकरच परत आले. डबा तसाच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “प्रेस नाहीये.”

“म्हणजे?”

“एकही नाही. नुसते बोल्ट आहेत जमिनीतून वर आलेले. आणि रांगोळी.”

गेटवर कागद होता, साथीच्या रोगामुळे झालेल्या नुकसानीपायी कारखाना बंद. मशीन दमणच्या बाजूला गेल्याची बातमी त्याच दुपारी आली. तिकडे कर कमी, युनियन नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल, मॅनेजरच्या घरी जाऊन त्याची कॉलर धरेल, निदान भिंतीवर डबा आपटेल.

हे म्हणाले, “मालकाचीही काहीतरी अडचण असेल.”

मी जन्मात कधी नवऱ्याला एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. काय बोलले ते इथे लिहीत नाही, पलीकडच्या खोलीतल्या बाईने खिडकी लावून घेतली एवढं पुरे.

दोन दिवसांनी आई आली. तिला सगळं सांगितलं. ती पाटी खाली ठेवून ह्यांच्याकडे वळली.

“जावयबापू, आमीबी नारली पुनवेला होरी पुजतांव,” ती म्हणाली. होरी म्हणजे आमची होडी. “पन तिचा नांगर काडून नाय पुजत.”

ह्यांनी मान खाली घातली. आईला तेवढ्याने समाधान झालं नाही, पण जावई म्हणून पुढचं गिळलं. जाताना मला दारात म्हणाली, “तू तरी बगाचा व्हता, बाय.”

कामगारांचा तंटा ठाण्याच्या कामगार आयुक्तांच्या कचेरीत गेला. सेक्रेटरीने सांगितलं, बायकांनीही या, साहेबावर वजन पडतं. म्हणून मीही गेले. एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडला उतरलो आणि उन्हातून चालत निघालो. रस्ताभर सेक्रेटरी सगळ्यांना पढवत होता. मशीन मालकाने बाहेरचे गुंड आणून उखडून नेली, आम्हाला काही माहीत नाही, आम्ही सुट्टीवर गेलो तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. “कोणी जास्तीचं बोलायचं नाही. बोलायचं काम माझं,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं डोकं चाललं असं मला वाटलं. खोटं होतं, पण उपयोगाचं खोटं होतं. ते टिकलं असतं तर मशीन चोरून हलवली असं ठरलं असतं आणि नोकरी परत मिळण्याची निदान बोलणी झाली असती.

आत साहेब, समोर आम्ही, पलीकडे मॅनेजर आणि त्याचा वकील. सेक्रेटरी उभा राहिला. सुरुवात बरी केली. मग त्याला चेव चढला.

“साहेब, गुंडांनी नासधूस केलेली आहे! बोल्ट तोडले, आटे उडवले, मशीनची पार वाट लावली!”

माझ्या शेजारी बसलेले हे उठून उभे राहिले. मी पदराआडून त्यांचा शर्ट ओढला. उपयोग झाला नाही.

“नासधूस नाही साहेब,” हे म्हणाले. “एकही आटा गेलेला नाही. ते नट मी काढलेत. रॉकेल सोडून, हाताने. तुम्ही जाऊन बघा पाहिजे तर.”

सेक्रेटरीचं तोंड उघडंच राहिलं. मॅनेजरचा वकील पाणी पीत होता, त्याने ग्लास खाली ठेवला.

“कोणी सांगितलं काढायला?” साहेबाने विचारलं.

“मॅनेजर साहेबांनी. धुरी द्यायची होती ना, प्लेगची.”

“लेखी आहे काही?”

“लेखी कशाला साहेब? आमच्यात लेखी नसतं.”

वकिलाने पिशवीतून फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. खंडेनवमीचा. कामगार स्वतः मशीन बांधून, पूजा करून, हसत निरोप देत आहेत, असं तो म्हणाला. मशीन हलवणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांच्या संमतीनेच झालं, कुटुंबंसुद्धा हजर होती. साहेबाने फोटो जवळ घेऊन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. ताम्हन धरून सगळ्यात मोठं हसत होते ती मीच.

“तुम्ही तर सगळे हसताय,” साहेब म्हणाला.

फोटोग्राफरने हसायला सांगितलं होतं हे कुठल्या कायद्यात बसवून सांगणार?

तेवढ्यात मागून ह्यांचा मित्र उठला. “साहेब, मी फोटोत नाही,” तो म्हणाला. “पण नट मीपण काढलेले. धुरीचंच सांगितलेलं आम्हाला. हा माणूस खोटं नाही बोलत, त्याला जमतच नाही.” ज्यांनी ताडपत्री आवळली, ज्यांनी ओंडके सरकवले, ज्यांनी मॅनेजरच्या पायाला हात लावला, ते सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले होते. साहेबाने लिहून घ्यायचं ते लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर सेक्रेटरीने सगळ्यांसमोर ह्यांना झापलं. सगळ्यांची भाकरी ह्यांच्या तोंडाने खाल्ली म्हणे. मी म्हटलं, “पुढे मधोमध उभं राहून फोटो काढताना तुमचं तोंड कुठे होतं?” पण राग मला ह्यांचाच जास्त आला होता. खोपटच्या स्टँडवर बसल्यावर मी विचारलं, “का बोललात?”

“अगं, आटे उडवले म्हणाला तो,” हे म्हणाले. “तसं काम मी नाही करत.”

ज्या कामाने आमचं घर बुडालं, ते काम वाईट झालं असं कुणी म्हटलेलं ह्या माणसाला चालत नव्हतं.

तंटा पुढे रेंगाळत राहिला. तारखा पडल्या, मग नुसत्या तारखांच्या तारखा पडल्या. शेवटी थोडीफार भरपाई वाटून प्रकरण मिटवलं. नोकरी कुणालाच परत मिळाली नाही. जुन्या सोबत्यांपैकी बरेच जण ह्यांच्याशी बोलेनासे झाले. बाजारात समोरून आले की रस्ता ओलांडायचे. त्यांना राग काढायला मालक दमणला गेला होता, हे इथे होते. स्वस्त आणि जवळचं.

दिवाळीच्या आत प्लेग संपला. रुमाल परत घाम पुसायला खिशात गेले. सुरतच्या साड्या दुकानात लागल्या, दुकानदाराने पाटी काढून तिच्या मागच्या बाजूवर ‘दिवाळी सेल’ लिहिलं. आईची पाटी दुपारपर्यंत रिकामी व्हायला लागली. सगळ्यांचं सगळं परत आलं. आमची नोकरी तेवढी प्लेगने नेली, आणि प्लेग तिथे आलाच नव्हता. मी रात्रंदिवस फॉल-पिको करून मुलींच्या शाळा चालू ठेवल्या. हे कॉन्ट्रॅक्टवर थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे. कुठेही गेले तरी मशीन ‘माझं’ म्हणायचे नाहीत. ही एक सुधारणा झाली.

पुढे काही वर्षांनी त्या मित्राच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला आला तेव्हा तो बसल्या जागी चुळबुळ करत होता.

“वहिनी, हॉलचं जरा समजून घ्या,” तो म्हणाला. “दुसरा परवडत नव्हता.”

पत्रिकेवरचा हॉल म्हणजे आमच्या कंपनीची शेड. मालकाने ती कुणाला तरी विकली, त्याने भिंतींना गुलाबी रंग देऊन, खाली टाइल्स घालून लग्नाचा हॉल केला होता. मी म्हटलं जायचं नाही. हे म्हणाले, “तो ठाण्याला माझ्यासाठी उभा राहिलेला.” गेलो.

आत गेल्यावर ह्यांनी एकदा इकडे बघितलं, एकदा छताकडे, आणि सरळ चालत जाऊन उजवीकडच्या ओळीत एका जागी खुर्ची ओढून बसले. कुठे बसलेत हे मला विचारावं लागलं नाही. तिथे टाइल्स जरा वर आल्या होत्या. बोल्ट कापून वरून फरशी घातलेली, पण नीट बसलेली नव्हती. हे पायाने चाचपून बघत होते. “कामचोर साले,” म्हणाले. इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून आलेली ही पहिली शिवी, आणि ती टाइल्सवाल्याला.

त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा सगळे चपला काढून उभे राहिले. आम्हीही राहिलो. ते संपलं, सगळ्यांनी चपला घातल्या, जेवायची गर्दी उसळली. ह्यांनी घातल्या नाहीत. अनवाणी बसून जेवले.

“घाला की पायात,” मी म्हटलं. “लोक बघतायत.”

“राहू दे. या जागेवर नको.”

मला रडूच यायला लागलं, आणि त्याचा राग आला. बुंदीचा एक लाडू तसाच पानात टाकून मी उठले. निघताना बघतो तर खुर्चीखाली चपला नाहीत. त्या गर्दीत कुणीतरी पायात सरकवून गेलं होतं. नवीन होत्या, आमच्या मुलीने पहिल्या पगारातून घेऊन दिलेल्या. मी म्हटलं, चला, दारात उभं राहू, एकेकाचे पाय बघू, हॉलवाल्याला विचारू. हे जागचे हलले नाहीत.

“जाऊ दे ना,” हे म्हणाले. “नेणाऱ्याची काहीतरी अडचण असेल.”

भर दुपारी, डांबर पायाला चटके देत असताना, हा माणूस माझ्या शेजारून अनवाणी चालत घरी आला. वाटेत दोनदा मला वाटलं की आपणही काढाव्यात. काढल्या नाहीत. आमच्या घरात एकाने तरी पायात चपला ठेवायला हव्या होत्या.